फळी उचलण्याआधी

२ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तू कानाचं यंत्र पुन्हा डब्यात ठेवून दिलंस हे बाबांकडून कळलं. यंत्राशिवाय तुझ्याशी फोनवर बोलायचं म्हणजे सगळ्या गल्लीला बातमी द्यायची. म्हणून हे पत्र. आपल्या कंडक्टरकाकांच्या हाती देते, संध्याकाळपर्यंत तुझ्या माशांच्या तळ्यावर पोचेल.

बातमी अशी की मी नोकरीत कायम झाले! दारावर माझ्या नावाची पाटी नाही, पण टेबलाच्या खणाची किल्ली मिळाली आहे.

तू बाबांना विचारलंस म्हणे, "पोरगी एवढी शिकली ती गटारावर बसायला?" आत्या, मी गटारावर बसत नाही. मी गटार आणि नदी यांच्या मध्ये बसते. गावातल्या अकराशे घरांच्या मोऱ्यांचं, संडासांचं पाणी आमच्या केंद्रात येतं. चिंध्या आणि प्लास्टिक जाळीत अडकतं, वाळू खाली बसते, आणि मग पाणी हवेच्या टाकीत जातं. तिथे खरं काम यंत्रं करत नाहीत, जंतू करतात. डोळ्यांना न दिसणारे, कोट्यवधी. आपण त्यांना खालून हवा देतो, ते पाण्यातली घाण खातात, आणि पोट भरलं की तपकिरी गाळ होऊन तळाशी बसतात. वरचं निवळलेलं पाणी नदीत जातं. ते तुझ्याकडे येतं.

रोज सकाळी नऊला मी काचेच्या उंच नळकांड्यात टाकीतलं पाणी घेते आणि अर्धा तास बघत बसते. गाळ नीट खाली बसला की दिवस चांगला. आमच्या पंपावरच्या नाकवाल्या काकांना मात्र नळकांडं लागत नाही. ते टाकीच्या कठड्यावर वाकतात, एकदा हुंगतात आणि सांगतात, "मॅडम, आज पोरं खूश आहेत." पोरं म्हणजे जंतू. बावीस वर्षं झाली त्यांना इथे. मला मॅडम म्हणतात, पण मी तीन वेळा टाकीला नमस्कार केल्याशिवाय सही करायची नाही असं त्यांनी मला पहिल्या आठवड्यात पटवलं होतं, आणि मी केलाही. सगळे हसून हसून बेजार.

तुझी,
चिंगी


५ फेब्रुवारी

चिंगे,

आशीर्वाद आहेतच, ते दरवेळी लिहायला लावू नकोस.

कायम झालीस, ऐकून बरं वाटलं. तुझ्या पदवीच्या कागदाची झेरॉक्स मी तळ्यावरच्या खोलीत लावली आहे. खाद्य विकायला येणारा आला की त्याला आधी तिथे उभा करते. "वाच," म्हणते. मग भाव सांग. आपल्या घरात आधी सगळ्यांचे अंगठे चालले, मी चार इयत्ता शिकले, पण सरकारी कागदावर सही चालली ती तुझीच.

तुझे जंतू-बिंतू सगळं ठीक. पण मी काय पाहिलंय ते तूही ऐकून ठेव. तुमचं ते केंद्र नव्हतं तेव्हा एका उन्हाळ्यात नदी काळी आली. सकाळी मासे वर येऊन तोंडं वासत होते, दुपारी पोटं वर करून पडले. तुझ्या आजोबांनी फळी बंद करायच्या आत तळ्यात शिरलं ते पाणी. त्याच वर्षी तुझा बाप "इथे काही राम नाही" म्हणून गावाकडे गेला आणि गवंडी झाला. मी राहिले. कुणीतरी राहायला हवं होतं.

आता कामाचं. १३ तारखेला माझी बोटुकली येणार. बोटाएवढी पोरं, चाळीस हजार. त्यांना रोज ताजं पाणी लागतं, म्हणजे नदीकडची फळी उचलावी लागणार. तुझे ते आकडे मला पाठवू नकोस, मला कळत नाहीत. दर आठवड्याला एकच शब्द लिही. पाणी बरं असेल तर 'सोड'. नसेल तर 'थांब'. पण तो शब्द तुझा हवा, तुझ्या साहेबाचा नको.

आत्या

ता. क. टाकीला नमस्कार केलास त्यात हसण्यासारखं काय आहे? ज्याच्या जिवावर जेवतो त्याला करावा.


९ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

सोड!

आज सकाळी पाणी इतकं निवळ होतं की नळकांड्याच्या मागे धरलेलं वर्तमानपत्र मी त्यातून वाचलं. नाकवाले काका म्हणाले, "ओल्या मातीचा वास आहे. यापेक्षा जास्त चांगलं म्हणजे देवाचं पाणी."

आणखी एक सांगायचं आहे, पण तू आधी खाली बस. येत्या रविवारी, १२ तारखेला, आमच्या गावात 'स्वच्छ मोरी मोहीम' आहे आणि ती माझी कल्पना! गेल्या महिन्यात दोन गल्ल्यांत पोटाच्या आजाराची साथ आली. तेव्हापासून मला चैन नव्हतं. आपण एवढं शिकायचं, आणि शेजारची मुलं उलट्या करत असताना नळकांडी बघत बसायचं? शाळेत सभा घेतली. तीनशे माणसं होती. बोलायला लागले आणि थांबलेच नाही. नगरपरिषदेने घरोघरी जंतुनाशक पावडरीची पाकिटं वाटली आहेत. रविवारी बरोबर आठ वाजता शाळेची घंटा होईल आणि सगळ्या गावाने एकाच वेळी आपापल्या मोरीत पावडर ओतायची. एकाच वेळी का, तर गाव एक झाल्यासारखं वाटावं म्हणून. ती घंटाही माझीच कल्पना.

सोमवारी नगरपरिषदेत माझा सत्कार आहे. बाबा इस्त्रीचा शर्ट शोधत आहेत.

तुझी,
चिंगी


११ फेब्रुवारी

चिंगे,

फळी उचलली. पाणी काचेसारखं येतंय. उद्या एक दिवस तळी भरून वाहू देते, परवा पोरं येतील.

सत्काराची शाल मिळाली तर मला दे, इथे पहाटे गारठा असतो. आणि बापाला सांग, माझ्याकडून एक शर्ट नेलेला आहे तोच घाल, शोधतोस काय.

तुझी सभा मला कळली नाही फारशी. पण एक विचारू? जंतू मारायला निघालीस, आणि तुझी ती टाकीतली पोरं पण जंतूच ना? तुला माहीत असेलच. तू शिकलेली.

आत्या


१३ फेब्रुवारी, दुपारी साडेबारा

आत्या,

थांब. फळी लगेच खाली टाक. थांब.

थोडी अडचण झाली आहे. सकाळी नऊपासून आमच्याकडून नदीत पाणी सोडणं बंद आहे, पण त्याआधी काही तास थोडं खराब पाणी गेलं असावं. ते संध्याकाळपर्यंत तुझ्या वळणावर पोचेल. कंडक्टरकाकांना सांगितलंय, तळ्यासमोर बस थांबवून स्वतः उतरून हातात द्या.

बाकी नंतर लिहिते.

चिंगी


१४ फेब्रुवारी

चिंगे,

कंडक्टरने भर रस्त्यात बस उभी केली आणि बांधावरून ओरडत पळत आला. मला ऐकू येईना, पण त्याचे हातवारे बघूनच मी फळी टाकली. बसमधली माणसं खिडकीतून बघत होती. तोपर्यंत पोरं तळ्यात सोडून एक तास झाला होता.

संध्याकाळी नदीला पांढरट रंग आला, फेस आला. रात्रीत गेला. काठावरचे दोनचार मासे मेले, पण काळ्या वर्षासारखं नाही. माझी पोरं जिवंत आहेत.

पण ऐक. बंद पाण्यात चाळीस हजार पोरं आठ दिवस निघतील, नवव्या दिवशी नाही. तीन दिवसांनी ती वर येऊन हवा खायला लागतील, मग मी आणि गडी वल्ही मारून पाणी ढवळत बसू. पुढच्या मंगळवारच्या आत मला ताजं पाणी हवं. तळी गेली तर पुन्हा उभी करायचं वय माझं राहिलं नाही. तुझ्या बापाकडे येऊन राहीन आणि दोघांना छळीन.

आणि 'थोडी अडचण' काय असते गं? तुझ्या बापानेही जाताना असंच म्हटलं होतं. माझ्याशी बोलताना पावडर लावलेली भाषा नको. काय झालं? कुणी केलं? ज्याने केलं त्याला तुमच्या त्या टाकीत उलटा टांगा.

आत्या


१५ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

उलटं टांगायचं असेल तर मलाच.

काय झालं ते सरळ लिहिते. तू विचारलंस तो प्रश्न मला रविवारी मिळाला, सकाळी साडेदहाला. तोवर पावडर ओतून अडीच तास झाले होते. तरीही मी स्वतःला म्हटलं, मी हिशोब केलाय. खरंच केला होता. अकराशे घरं, प्रत्येकी अर्धा किलो, दिवसभराचं पाणी. एवढ्या पाण्यात पावडर पातळ होते, आमच्या जंतूंना फार त्रास होत नाही. आकडा बरोबर होता. पण दिवसभराचं पाणी धरलं, आणि ओतायला सांगितलं एकाच मिनिटाला. घंटा वाजवून. वर लोकांनी उत्साहाने घरातलं फिनेलही ओतलं. सगळं एकगठ्ठा टाकीत आलं आणि आमची पोरं मेली.

रविवारी दुपारीच मी केंद्रावर जायला हवं होतं. नाही गेले. लोक घरी येऊन अभिनंदन करत होते आणि मला ते आवडत होतं. सोमवारी सकाळी नऊला नळकांडं भरायचं सोडून मी नगरपरिषदेत शाल घेत होते, फोन बंद करून. नाकवाल्या काकांनी अकरा वेळा फोन केला. शेवटी त्यांनी कुणाला न विचारता नदीकडची झडप बंद केली आणि पाणी जुन्या रिकाम्या तलावात वळवलं. बारा वाजता मी शाल घेऊन पोचले तेव्हा ते कठड्यावर बसले होते. टाकी राखाडी, वर साबणासारखा फेस. म्हणाले, "झडप बंद केलीय. साहेबाची परवानगी नाही. आता कुणाला ओरडायचं ते ओरडा."

मी म्हटलं, "काका, वास कसला येतोय?"

"कसलाच नाही," म्हणाले. "तेच तर वाईट आहे."

आत्या, मी त्यांच्याशेजारी बसून रडले. त्यांनी माझ्या हातातली शाल घेतली आणि फेस उडून अंगावर येत होता तो तिनेच पुसला. तुला आता शाल मिळणार नाही.

मग साहेब आले. त्यांनी नोंदवहीत लिहायला सुरुवात केली, 'लॉन्ड्रीतून रसायन आले असावे.' मला म्हणाले, "तू आत्ताच कायम झालीस. लॉन्ड्रीवाल्याला एक नोटीस जाईल, विषय संपेल." मी ती ओळ तशीच राहू दिली. घरी आले, तुला 'थोडी अडचण' लिहिलं होतं ते आठवत बसले. काल तुझं पत्र आलं. ते वाचून मी केंद्रावर गेले, ती ओळ खोडली आणि खाली खरं काय ते लिहून सही केली. साहेबांनी वही दोनदा वाचली. "आदर्शवादी माणसांबरोबर काम करणं फार दमवणारं असतं," म्हणाले आणि फोन उचलून शेजारच्या गावच्या केंद्राकडे गाळ मागितला.

तोच उपाय आहे. दही बिघडलं की आपण शेजारून विरजण आणतो ना, तसं. त्यांच्या टाकीतला जिवंत गाळ, चार टँकर. आज सकाळी दोन आले. टँकरवाला म्हणाला, "मॅडम, इतकी वर्षं हे गावाबाहेर नेऊन टाकतो. तुम्ही पहिल्या, ज्यांनी दारात उभं राहून वाट बघितली."

पण विरजण लागायला वेळ हवा, आणि जुना तलाव भरतो आहे. आता नेहमीएवढं पाणी आलं तर दीड दिवसात भरून वाहील आणि सगळं थेट नदीत जाईल. निम्मं आलं तर तीन दिवस, म्हणजे शनिवारपर्यंत. म्हणून काल संध्याकाळपासून मी घरोघर फिरते आहे. पाणी कमी वापरा, मोरीत काही ओतू नका. पहिल्याच दारात एक बाई म्हणाल्या, "परवा ओता म्हणालात, आज ओतू नका म्हणता. तुमचं एकदा काय ते ठरवा आणि घंटा वाजवा."

मी म्हटलं, "माझी चूक झाली." त्यांनी दार पूर्ण उघडलं. मग म्हणाल्या, "या आत, पाणी घेता का? की तेही कमी वापरायचं?"

संध्याकाळी लॉन्ड्रीवाले स्वतः केंद्रावर आले. वहीत काय होतं आणि काय झालं ते गावभर पसरलं होतं. मी उभी राहिले. ते म्हणाले, "चार दिवस दुकान बंद ठेवतो. माझ्या एकट्याचं पाणी तीस घरांएवढं आहे. तुमच्या साहेबाला सांगा, मळके कपडे घालून फिरा."

आत्या, तू मला 'सोड' लिहायला सांगितलंस आणि मी लिहिलं. आता माझ्या शब्दावर तू फळी उचलावीस असं मी कुठल्या तोंडाने म्हणू?

चिंगी


१६ फेब्रुवारी

चिंगे,

रडून झालं असेल तर हे वाच.

मी अठरा वर्षांची असताना तुझ्या आजोबांनी पहिल्यांदा एक तळं माझ्या एकटीवर सोपवलं. मला वाटलं, असं स्वच्छ करीन की बघत राहतील. तळ रिकामा करून चुना मारला. पांढराशुभ्र. पंधरा दिवस वाळू द्यायचा असतो. मी त्याच संध्याकाळी पाणी भरलं आणि पोरं सोडली. अकरा हजार. सकाळी एक नव्हतं.

मी आजोबांना सांगितलं, बगळ्यांनी खाल्ली.

ते उठले. तळ्याभोवती एक चक्कर मारली, चुन्याचा वास घेतला असेल. मग म्हणाले, "फार मोठे बगळे होते वाटतं." एवढंच. मरेपर्यंत पुन्हा विषय काढला नाही. आणि मीही मरेपर्यंत काढणार नव्हते. चाळीस वर्षं झाली, पण आजही बगळा उडताना दिसला की मला त्याची माफी मागावीशी वाटते. तू तीन दिवसांत लिहून सही केलीस. माझ्यापेक्षा बरी निघालीस, म्हणून आता मान ताठ ठेव आणि कामाला लाग.

कंडक्टरकडे एक झाकणाचा डबा दिला आहे. त्यात वीस बोटुकली आहेत. मोजून. तुझी यंत्रं राहू देत, हे माझं नळकांडं. पाणी निवळलं असं तुला वाटलं की पिंपात तुमचं बाहेर पडणारं पाणी घे आणि दहा आत सोड. एक दिवस ठेव. सगळी एकदम घालू नकोस, तुझी सवय मला आता कळली आहे. दहा मागे राहू देत.

जगली तर मला लिही. तुझा शब्द मी उचलणार, कुठल्या तोंडाने म्हणतेस ते बघायला मी तिथे नाहीच.

इथे पोरं आजपासून वर यायला लागली. आम्ही वल्ही मारतोय. हात दुखतात, म्हणून अक्षर असं.

आत्या


१८ फेब्रुवारी, सकाळी

प्रिय आत्या,

डबा गुरुवारी संध्याकाळी पोचला. कंडक्टरकाकांनी तो मांडीवर घेऊन तिकिटं फाडली म्हणे, आणि एका प्रवाशाने त्यांना "तुमच्या बाळाला किती महिने?" असं विचारलं.

त्याच संध्याकाळी पाणी मला जरा निवळलेलं दिसलं आणि मला घाई झाली. पहिली दहा पिंपात सोडली. सकाळी त्यातली तीन मेली होती. नाकवाल्या काकांनी ती ओंजळीत घेतली, कंपाउंडच्या कडेला पुरली आणि म्हणाले, "यांनी आपल्याला खरं सांगितलं. साहेबांनी कधी सांगितलं नसतं." दहा मागे ठेवायला सांगितलंस ते किती बरं केलंस!

काल शुक्रवारी शेवटचा टँकर रिकामा झाला. दिवसभर हवा पूर्ण चालू ठेवली. दर तासाला नळकांडं. सकाळी राखाडी, दुपारी चहात दूध जास्त झाल्यासारखं. चार वाजता गाळाचे गोळे दिसायला लागले, एकमेकांना चिकटत, हळूहळू खाली बसत. मी श्वास रोखून बघत होते. काका आले, कठड्यावर वाकले. बराच वेळ वाकले. मला वाटलं चक्कर आली. मग वळून म्हणाले, "मॅडम, कुणाची तरी पोरं आहेत. आपली नाहीत, पण खूश आहेत."

उरलेली दहा पिंपात सोडली. जुना तलाव तेव्हा काठापासून दोन विती खाली होता. गावाने निम्म्याहूनही कमी पाणी वापरलं, आत्या. ज्या बाईंनी मला घंटा वाजवायला सांगितलं होतं, त्या आपल्या गल्लीत स्वतः घरोघर फिरल्या. बाबा चार दिवस एका बादलीत आंघोळ करतात आणि ती बादली सगळ्यांना दाखवतात.

आज सकाळी नऊला पिंपाचं झाकण मी उघडलं नाही. काकांना म्हटलं, "तुम्ही बघा." त्यांनी बघितलं आणि मोजायला लागले, बोट नाचवत, पुन्हा पुन्हा चुकत, कारण ती एका जागी थांबतच नव्हती. दहा. दहाच्या दहा. मी त्यांना शेंगदाण्याच्या पुडीतला चुरा टाकला, तर त्यांच्यात मारामारी झाली.

पहिल्या खेपेतली सात आणि ही दहा, अशी सतरा पोरं इथेच, दारासमोरच्या हौदात ठेवायची परवानगी साहेबांनी दिली आहे. नदीत सोडायचं पाणी आधी त्या हौदातून जाणार. रोज. 'यंत्रापेक्षा स्वस्त' असं म्हणाले, पण स्वतःच्या डब्यातली पोळी त्यांना घालताना मी बघितलं. मला लेखी समज मिळाली आहे. ती मी खणात ठेवली, किल्ली लावून.

दहा वाजता काकांनी नदीकडची झडप उघडली. मी आधी नळकांडं बघितलं, हौद बघितला, मग सही केली. टाकीला नमस्कारही केला. कुणी हसलं नाही.

सोड.

तुझी,
चिंगी


१९ फेब्रुवारी

चिंगे,

तुझं पत्र काल दुपारीच मिळालं. कंडक्टरने या वेळी बांधावरूनच दोन्ही हात वर केले. मी तुझा शब्द वाचला, पाणी पोचायला संध्याकाळ होईल म्हणून तोपर्यंत थांबले आणि मग फळी उचलली.

आधी काही झालं नाही. पोरं पलीकडच्या कोपऱ्यात थकून तरंगत होती. मग एक वळलं. मग दहा. मग सगळं तळंच वळलं, आणि चाळीस हजार पोरं फळीसमोर प्रवाहाकडे तोंड करून उभी राहिली, एका रांगेत, शेपट्या हलवत. मी काठावर बसून बघत होते. गडी म्हणाला, "बाई, डोळ्यात काय गेलं?" मी म्हटलं, "तुझं काम बघ."

वल्ही धुऊन ठेवली आहेत. हात दोन दिवसांत बरे होतील. पुढच्या रविवारी बापाला घेऊन ये. त्याला ही रांग बघू दे, गेल्यापासून एकदाही फळीवर उभा राहिला नाही. येताना शाल आण, फेसाचे डाग असले तरी चालेल. धुऊ नकोस मात्र, आणि त्या लॉन्ड्रीवाल्याकडे तर देऊच नकोस, त्याचं पाणी वाचू दे.

बांधावर आत्ता दोन बगळे उभे आहेत. या वर्षी त्यांच्यावर कुणाचा काही आळ नाही.

आत्या